बीराम मास्तरांचा उशीर

“झगा देताय, की कापड परत नेऊ?” सोखना दारातूनच कडाडली. तिच्या मागे तिची भावजय कुम्बा खाली मान घालून उभी होती.

तबास्की, म्हणजे बकरी ईद, चार दिवसांवर आली होती. घरी अंगणात मेंढा बांधलेला, गावाकडचे पाहुणे येऊन पडलेले, कांद्यांचं पोतं सोलायचं राहिलेलं. आणि कुम्बा रोज दुपारी झग्यासाठी बीराम मास्तरांकडे यायची, रिकाम्या हातांनी परत जायची. डाकारचे शिंपी ईदेला उशीर करतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं; पण आज नणंदबाईंचा संयम संपला होता.

“फक्त बटणं राहिलीत, बाई,” मास्तर म्हणाले. “चहा टाकलाय. बसा तरी.”

“मला वेळ नाही.”

पण शेगडीवरचा चहा डावलून उठणं बरं दिसत नाही. सोखना बसली. मास्तरांनी उंचावरून धार धरली, पेल्यातला चहा पुन्हा किटलीत ओतला, पुन्हा धार धरली. फेस येईपर्यंत त्यांना कसलीच घाई नव्हती. पहिला पेला कडू होता. तो पिताना सोखनाने मास्तरांच्या सात पिढ्या उद्धरल्या. दुसऱ्या पेल्याला तिने चपला काढल्या. तिसऱ्यात पुदिना आणि मूठभर साखर पडली, तेव्हा ती कापडाच्या ढिगाला टेकून डोळे मिटून बसली होती. सकाळपासून पहिल्यांदाच तिला कुणी हाक मारत नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा समोरच्या खुंटीवर, इतर कपड्यांच्या आडून, कुम्बाचा निळा झगा डोकावत होता. बटणं लावलेली, इस्त्री केलेली. खांद्यांवर धूळसुद्धा बसली होती.

“कधी झाला हा?”

“गेल्या जुम्म्याला,” मास्तर पुटपुटले.

कुम्बा पुढे झाली. “वन्सं, घरी सांगू नका. दिवसभरात एवढंच बसणं होतं हो माझं.” आता हेही गेलं, आणि वर घरभर बोभाटा होणार, या विचाराने तिला रडूच आलं.

सोखनाने उरलेला चहा सावकाश संपवला, उठली, झग्यावर एक जुनी चादर नीट ओढली. मग दारात उभी राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज चढवून म्हणाली, “अजून झालाच नाही म्हणे! उद्यापासून आम्ही दोघीही येऊन बसणार आहोत, मास्तर, सांगून ठेवते.”