जातो म्हटल्याशिवाय

“नव्या गिऱ्हाइकाला पायघड्या, आणि चौदा वर्षं तुमचंच सिमकार्ड वापरणाऱ्याला काहीच नाही? मॅडम, मी नंबर दुसऱ्या कंपनीत नेतोय,” मिरजेचे शहापुरे फोनवर तावातावाने म्हणाले.

हेमांगीने हेडफोन सारखा केला. सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकांना थांबवणं हेच तिचं काम. दुपारपासून तेच करून तिचा घसा बसला होता. “काका, इतक्या वर्षांचा संबंध असा तोडू नका. नव्यांना मिळतो तोच प्लॅन तुम्हालाही लावून देते.”

“मग हा आधीच का नाही दिलात?”

“तुम्ही मागितला नव्हतात.”

काका हसले. “राहतो मग. खरं सांगू का पोरी, जायचं होतं कुणाला? पण जातो म्हटल्याशिवाय तुम्ही लोक विचारत नाही.”

हेमांगीने प्लॅन लावून फोन ठेवला. नव्या मुलींना आल्या आल्या सकाळची पाळी मिळाली आणि तिची रात्रीपर्यंतची काही सुटेना, तेव्हा गेल्या महिन्यात तिनेही हेच केलं होतं. राजीनामा साहेबांच्या टेबलावर ठेवून, ते ‘थांब’ म्हणतील म्हणून उभी राहिली होती. साहेबांनी फोनवर बोलता बोलताच सही केली. आज तिचा शेवटचा दिवस.

“आणखी एक गिऱ्हाईक थांबवलंस? शाब्बास!” मागून येऊन साहेबांनी तिच्या स्क्रीनवर नजर टाकली. “जाताना हेडफोन तेवढा जमा कर.”