आठवडाभर रिकामं

माणसाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, की आपल्या जिवाचं रक्षण आपणच करायचं असतं हे त्याला कळून चुकतं. व्हर्ना कॉयलच्या आयुष्यात तो बुधवारी दुपारी आला, आणि त्यासाठी आधी पट्टा लागतो असं तिला सांगण्यात आलं.

“पिस्तुलाचं नंतर बघू,” दुकानदार म्हणाला. “साधा पट्टा वजनाने लोंबतो. मग माणूस दिवसभर विजार वर ओढत फिरतो, आणि काय लपवलंय ते अख्ख्या गावाला कळतं.”

गावाला कळू नये म्हणूनच ती तीस मैल गाडी चालवून इथे आली होती. केंटकीत पिस्तूल लपवून बाळगायला परवाना लागत नाही. पण बोभाटा करायला शेजारणी पुरतात. दुकानाच्या दारावर ठळक पाटी होती: ‘भरलेलं पिस्तूल आत आणू नये’. बंदुका विकणाऱ्यालाही बंदुकांची धास्ती असते, हे वाचून तिला जरा बरं वाटलं होतं. खाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी होतं, पण चष्मा गाडीत राहिला होता. गोळ्याही गाडीतच. बर्लचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं पिस्तूल ती पावाच्या पिशवीतून घेऊन आली होती. बर्लला जाऊन दोन वर्षं झाली होती.

प्रकार पाच गुरुवारांचा होता. गुरुवारी व्हर्ना चर्चमध्ये बायकांबरोबर गोधड्या शिवायला जायची. परत आली की स्वयंपाकघरातली खुर्ची टेबलापासून मागे सरकवलेली असायची आणि खुर्चीवरची गादी कोमट असायची. कॉफीचा एक कप धुऊन पालथा घातलेला असायचा. व्हर्ना कप पालथे घालत नाही.

शेरीफच्या कचेरीतून डस्टिन आला होता. शाळेच्या खानावळीत तिच्याच हातचं खाऊन तो एवढा मोठा झाला होता.

“मिस व्हर्ना, कप धुऊन जाणारा चोर मी अजून पाहिला नाही,” तो म्हणाला. “काय गेलं?”

“काही नाही.”

“दाराची चावी कुठे असते?”

“पायरीवरच्या चिनी मातीच्या बेडकाखाली.”

“म्हणजे अख्ख्या तालुक्याकडे आहे.” त्याने वही मिटली.

चावी तिने हलवली नव्हती. बहीण अचानक आली तर तिने काय करायचं?

दुकानदार पन्नाशीचा, स्वच्छ दाढी केलेला, नखं नीट कापलेला माणूस होता. तुम्हाला हे कशाला हवंय, असं त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. त्याने जाड चामड्याचा पट्टा तिच्या कमरेला लावला आणि मापाचं भोक पहिल्याच खेपेला पकडलं. मग काउंटरवर पाचसहा होल्स्टरं, म्हणजे पट्ट्याला अडकवायची पिस्तुलाची म्यानं, मांडली.

“चाप पूर्ण झाकणारंच घ्या. आणि पहिलं कुणालाच बसत नाही. प्रत्येकाच्या घरी न बसलेल्यांचा एक खोका असतो.”

“नवऱ्यांचा असता तर सोय झाली असती,” व्हर्ना म्हणाली.

तो हसला. आवाज न करता.

मग कमरेभोवती घड्याळाची तबकडी आहे असं धरून त्याने जागा समजावून दिली. बेंबी म्हणजे बारा वाजले. उजवा कुल्ला म्हणजे तीन. तिने चारवर, जरा मागच्या बाजूला लावून पाहिलं. वाकली, बुटाची नाडी बांधली, वरच्या फळीपर्यंत हात नेला. शेवटी ती दुकानातल्या तिवईवर बसली. कुठे काही टोचलं नाही.

“हेच बरंय.”

“इथे बरं वाटतंय.” तो मान वाकडी करून तिच्याकडे बघत राहिला. “पण घरी टेबलाशी बसलात की मूठ खुर्चीच्या हाताला अडकेल. त्यातून तो उजवा हात सैल.”

“हो ना. बर्लकडून तो ठोकायचा राहूनच गेला,” ती म्हणाली.

“मग पुढे लावा. एक वाजता.”

त्याने होल्स्टर पुढे सरकवलं. ते असं बसलं, की जणू ती जन्मल्यापासून ते तिथेच होतं. त्याने नवऱ्याचं पिस्तूल हातात घेतलं, रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि ते होल्स्टरमध्ये सरकवायला तिच्याकडेच दिलं. त्याच्या या नेटकेपणाचं तिला कौतुक वाटलं.

“आता एकच पाळायचं,” तो म्हणाला. “आठवडाभर रिकामंच वापरा. घरात वावरा, उठाबसा, अंगाला सवय होऊ द्या. गोळ्या नंतर. घाईघाईत नवखा माणूस आधी स्वतःच्या मांडीत गोळी घालतो.”

“कधीपासून सुरू करू?”

“उद्यापासूनच करा की.”

सल्ला रास्त होता. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातही तसंच लिहिलं होतं. व्हर्नाने आभार मानले आणि पदर नसलेल्या जगात सदरा जसा खाली ओढतात तसा ओढून ती बाहेर पडली.

गाडीत बसली. पट्टा कुठेही काचला नाही. गोळ्यांचा डबा शेजारच्या सीटवर होता, त्याला तिने हात लावला नाही. आठवडाभर नाही म्हणजे नाही. किल्ली फिरवता फिरवता तिला खुर्चीचा तो सैल हात आठवला. चर्चमधल्या बायकांना ती त्याच्याबद्दल कधी बोलली नव्हती. डस्टिनलाही नाही. खुर्चीवर बसून, उजव्या कोपरावर भार दिल्याशिवाय तो सैल आहे हे कळत नाही.

काचेच्या दारामागे दुकानदार उभा होता. त्याने हात हलवला. सवयीने तिनेही हलवला.

मग गाडी चालवायची म्हणून तिने चष्मा लावला, आणि दारावरच्या पाटीखालची बारीक अक्षरं तिला दिसली.

‘दहा ते सहा. गुरुवारी बंद.’