आठ तासांचा कॉल

बिबवेवाडीच्या टॉवरवर एवढी गर्दी होत होती, की भर दुपारीसुद्धा लोकांचे फोन लागत नव्हते. अनलिमिटेड प्लॅनचा गैरवापर करणारे नंबर शोधून बंद करायचं काम कंपनीने मैत्रीकडे दिलं होतं. यादीतल्या एका नंबरापाशी ती सकाळपासून अडली होती. त्यावरून मार्केट यार्डातल्या एकाच नंबरला रोज नऊला कॉल लागायचा आणि तो थेट पाचपर्यंत चालू राहायचा.

“आठ तास सलग कोण बोलतं? काहीतरी धंदा असणार. बंद करा,” साहेब दुसऱ्यांदा येऊन म्हणाले.

विचारून तरी घ्यावं म्हणून मैत्रीने दोन्ही नंबर पुन्हा पुन्हा लावून पाहिले. दोन्ही व्यस्त. शेवटी तिने जिवावर येऊन बिबवेवाडीचा नंबर बंद केला, आणि राहवेना म्हणून लगेच दुसरा लावला. पहिल्याच रिंगला एका बाईने तो उचलला. ती धापा टाकत होती.

“मी फोन कंपनीतून बोलतेय. तुम्हाला रोज ज्या नंबरवरून कॉल येतो, त्याविषयी...”

“मॅडम, मी घरी पळत निघालेय. आई अंथरुणाला खिळलीय माझी. तिच्या उशाशी फोन चालू ठेवून येते आणि तिचा श्वास ऐकत इथे कांदा निवडते. आत्ता एकदम आवाज थांबला.”

मैत्रीने स्क्रीनवरच्या बंद केलेल्या नंबराकडे पाहिलं.

 

“तुम्हीच बंद केलात ना, मॅडम? हो म्हणा.”