परक्या कळा

केतकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती एकाच भरवशावर. तिच्या कळा आई घेणार होती. हेमलताचं कामच ते होतं. तिनं घरबसल्या कानामागे चकती चिकटवली, की दूरच्या शहरातली एखादी अनोळखी बाई हसत बाळंत व्हायची आणि कळा इकडे हेमलता सोसायची. "डोक्यावर साहेब नाही, मनाला येईल तेव्हा काम," असं ती शेजारणींना ऐटीत सांगायची.

केतकीला अजून आठवडाभर अवकाश होता, म्हणून हेमलतानं सकाळी आणखी एक काम घेतलं. दुपारी केतकीच्याही कळा सुरू झाल्या.

हॉस्पिटलात लेकीच्या खाटेशेजारी कळवळत हेमलतानं काम देणाऱ्या कंपनीला फोन लावला. "बदली कुणीतरी द्या हो. माझीच लेक अडलीय."

"बदली नोकरदारांना मिळते, ताई. तुम्ही तर स्वतंत्र आहात. मध्येच चकती काढलीत, तर पुन्हा काम मिळणार नाही."

हेमलताचा हात कानामागे गेला.

"काढ ना, आई!" केतकी ओरडली.

हात तिथेच थांबला. मग खाली आला.

केतकीला मुलगी झाली. त्या क्षणी हेमलता कुणा परक्या बाईसाठी किंचाळत होती. नातीचं पहिलं रडणं तिला ऐकूच आलं नाही.