पहिली पसंती

"पाचच्या आत पाठवायचंय," मनू म्हणाली आणि तिने लॅपटॉप बाबांकडे वळवला. पडद्यावर दोन मेडिकल कॉलेजांची नावं होती. दोन्हीकडे तिचा नंबर लागत होता. कुठलं तरी एक वर ठेवायचं होतं.

बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. आज त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

एक कॉलेज नऊ तासांच्या अंतरावर. तिथे भर संशोधनावर, मोठमोठ्या प्रयोगशाळा, शरीररचनाही पडद्यावरच शिकायची. दुसरं बसने दोन थांबे. तिथे पहिल्या वर्षापासून पेशंट आणि पहिल्या आठवड्यापासून शवविच्छेदन. एका देहाभोवती आठच मुलं, असं माहितीपत्रकात ठळक छापलं होतं.

"लांबचं टाक वर," बाबा म्हणाले.

"मला संशोधनात गोडी नाही. उंदरांशी काय बोलू मी?"

"माणसांशी तरी कुठे बोलतेस हल्ली?"

ते खरं होतं. आई जाऊन तीन महिने झाले होते. तेव्हा मनूची परीक्षा चालू होती, दुसऱ्या गावी, हॉस्टेलवर राहून. 'पोरीला मधे कळवू नका,' असं आईनेच बजावलं होतं. शेवटचा पेपर देऊन मनू घरी पोचली तोवर सगळं उरकलं होतं. 'तिच्या मनासारखं झालं,' एवढंच बाबा बोलले. मनू रडली नाही. तिला काही वाटतच नव्हतं. ताट समोर आलं की ती जेवायची आणि ताट धुऊन ठेवायची.

"तुम्ही एकटे पडाल," ती म्हणाली.

"मी काय कुकुलं बाळ आहे? कुकर लावता येतो मला."

"परवा करपवला तो कोणी?"

बाबा हसले नाहीत. "जरा दूरचं बघ, मनू."

"चष्मेवाल्याच्या घरात जन्मापासून हेच ऐकतेय."

"तुला ती चिरफाड सोसायची नाही."

"बाकीच्यांना सोसतेच की."

बाबा उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. मनूने कुठले विषय घ्यावेत, केस किती कापावेत, कशातच त्यांनी आजवर तोंड घातलं नव्हतं. आज मात्र ते हटून बसले होते. आपल्याला घराबाहेर काढायची एवढी कसली घाई, असं दुसऱ्या एखाद्या मुलीला वाटलं असतं.

"एवढं एक ऐक माझं," ते म्हणाले. "पुन्हा काही मागणार नाही."

पाचला दहा कमी होते. मनूने जवळचं कॉलेज वर घेतलं आणि यादी पाठवून दिली.

बाबांनी लॅपटॉप मिटला.

"माझ्यासाठी थांबलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मनू म्हणाली. "कागदपत्रं तपासून घ्यायला गेल्या आठवड्यात तिथेच गेले होते ना. जिन्यापाशी देहदान केलेल्यांच्या नावांची पाटी आहे. सगळ्यात खाली आईचं नाव आहे. तुम्ही तरी तिला शेवटचं पाहिलंत, बाबा. माझं राहिलंय."