खानांच्या थडग्याची खूण

ज्यांच्या नुसत्या खोकल्यानं छावणी चिडीचूप व्हायची, त्या थोरल्या खानांना दूर माळावर पुरलं आणि वर घोडे पळवून जमीन सपाट केली. खूण एकच ठेवली. एका उंटिणीच्या डोळ्यांदेखत तिचं पिल्लू मारून शेजारी गाडलं. वर्षानं ती जिथं रडेल, तिथं थडगं.

वर्ष सरलं. म्हाताऱ्या जिरगालनं उंटीण सोडली. माळाकडे न जाता ती सरळ नव्या खानांच्या तंबूत शिरली आणि गादीपुढं बसून रडू लागली. आटलेल्या सडांना पान्हा फुटला होता.

"थेरड्या, चळलं का तुझं जनावर?" खान हसले.

"पिल्लाची जागा ती चुकत नाही, मालक."

गादीखालून पिल्लानं ओ दिली.

पाठोपाठ कुणीतरी खोकलं, आणि सवयीनं सारी छावणी चिडीचूप झाली.