खात्रीचं पाणी

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात बाईंनी पाण्याच्या दोन बाटल्या मागवल्या होत्या, एक नाल्याकाठच्या वस्तीतली आणि एक खात्रीची. खात्रीचं म्हणून एका विद्यार्थिनीनं डोळे झाकून घरच्या नळाचं पाणी नेलं. औषध टाकलं की दूषित पाणी रात्रीतून काळं पडतं. सकाळी वस्तीची बाटली जशीच्या तशी होती आणि घरची डांबरासारखी काळीकुट्ट. "बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीस की काय गं?" मैत्रीण हसली. तिनं लगेच घरी फोन लावला. "वहिनी, नळाचं पाणी बाळाला देऊ नकोस." वहिनी हलक्या आवाजात म्हणाली, "काल तूच सांगितलंस ना, जुलाब थांबेपर्यंत पाणी पाजत राहा म्हणून? रात्रभर चमच्याचमच्यानं पाजलं. आता बाळ रडत नाही, पाणीही मागत नाही. बघ ना, कसं शहाण्यासारखं गाढ झोपलंय. हाक मारली तरी डोळे उघडत नाही."